जलाशयाकाठचं फिरतं घर

गाडी सापडल्याचा फोन सकाळी आला. कोयनानगरावर धुकं इतकं दाट होतं, की पोलीस ठाण्याच्या दारातून समोरचं फाटकही दिसत नव्हतं. सहायक निरीक्षक संयोगिता हवालदार तानाजीला घेऊन निघाली. घाटाची वळणं संपली, झाडीतली कच्ची वाट लागली आणि ती वाट जिथं जलाशयात उतरते, तिथं गाडी उभी होती. पांढरी, लांबोडकी, खिडक्यांना निळे पडदे लावलेली कॅम्पर व्हॅन.

दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं.

काठावरच्या खडकावर चामडी चपला होत्या. जोडून, टाचेला टाच लावून ठेवलेल्या, देवळात जाताना ठेवाव्यात तशा.

“मॅडम, म्हातारा पाण्यात गेला म्हणायचा,” तानाजी हळूच म्हणाला.

संयोगिता पाण्याकडं बघत होती. ती पूर्वेकडच्या जतच्या दुष्काळी, उघड्या माळावर वाढलेली. एवढं पाणी एका जागी बघितलं, की अजूनही ती काठापासून दोन पावलं मागंच थांबायची. आज तर ते काळंशार होतं आणि जराही हलत नव्हतं.

गाडी कुणाची हे शोधावं लागलं नाही. पलूसचे लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, सत्तरी ओलांडलेले. सोमवारी एकटेच गाडी घेऊन बाहेर पडले होते. आज गुरुवार. ते हरवल्याची तक्रार त्यांचा पुतण्या जयराज यानं कालच पलूसला दिली होती, आणि गाडीचा नंबर सगळ्या ठाण्यांना पोचला होता.

चढावर पाय घसरून संयोगिताचे हात चिखलानं भरले होते. गाडीत एक छोटं बेसिन होतं, नळ होता, साबणाची वडी होती. तिनं हात धुतले. साबण फेसाळला नाही. त्याचे मळकट कण झाले आणि हाताला चिकटून बसले. वडी जुनी असेल, असं म्हणत तिनं हात रुमालाला पुसले आणि आतलं बघू लागली.

अंथरुणाची घडी फौजी शिस्तीची. शेगडी, किटली, दोन कप. उशीखाली लालासाहेबांचा मोबाइल, बंद पडलेला. तो कुठल्या कुठल्या टॉवरखालून फिरला, याची माहिती यायला उद्याचा दिवस उजाडणार होता.

आणि उद्यापर्यंत थांबायचं का, हा खरा प्रश्न होता. माणूस पाण्यात असेल, तर घाई करून उपयोग नव्हता. पण तो पाण्यात नसेल, कुठं पडून असेल, तर एक रात्र म्हणजे सगळं काही होतं.

दुपारी जयराज आला. पस्तिशीचा, उंचापुरा, डोळे लाल झालेला. बरोबर लालासाहेबांची बायको राहीबाई होती. चपला बघून ती तिथंच खाली बसली. त्या तिनंच गेल्या दिवाळीला घेतल्या होत्या.

संयोगितानं दोघांना गाडीत बसवलं. बोटीतले लोक पाण्यात गळ टाकत होते. दोरीचा आवाज आतपर्यंत येत होता.

“काकांशी शेवटचं कधी बोललात?” तिनं जयराजला विचारलं.

“मंगळवारी. त्यांचा फोन आला. कोयनेला पोचलोय, दोन दिवस राहतो म्हणाले.”

“सत्तरीचा माणूस या जंगलात दोन दिवस एकटा राहणार, याची काळजी नाही वाटली?”

“आवं, गाडीत सगळं हाय की. शेगडी हाय, अंथरूण हाय. पाण्याची टाकी तेवढी घरनं रिकामी न्यायचे, वजन नगं म्हणून. जिथं मुक्काम तिथं भरायची. फोन केला तवा इथल्याच नळाला टाकी भरत व्हते.”

“त्याआधी त्यांना कधी भेटलात?”

“सोमवारी सकाळी. गाडी पलूसमधनं बाहेर पडली तवा. मग न्हाईच.”

तेवढ्यात जमीन हलली. अगदी क्षणभर. कप एकमेकांवर किणकिणले, किटलीचं झाकण थडथडलं. तानाजीनं मानसुद्धा वर केली नाही. कोयनेच्या माणसाला असल्या भूकंपाच्या धक्क्यांचं काय. जयराज मात्र दचकून दारापर्यंत गेला.

राहीबाईनं हात लांब करून किटली धरली. झाकण सरकलं होतं. तिनं आत बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

“निघायच्या आदल्या दिवशी चिंच लावून लख्ख घासून दिली व्हती. बघा कशी पांढरी करून ठेवलीया.”

संयोगितानं किटली हातात घेतली. तळाला पांढरट खरपुडी धरली होती. तिनं ती नखानं खरवडली, थोडा वेळ नखाकडे बघत राहिली आणि मग जयराजला बाहेर थांबायला सांगितलं.

राहीबाई बोलत गेली, तसं एका संसाराचं चित्र उभं राहिलं. जुनी मिनीबस घेऊन लालासाहेबांनी हे फिरतं घर स्वतः बनवलं होतं. नोकरीभर बायकोला कुठं नेलं नाही, म्हणून आता तिच्याशिवाय गाडीचं चाक हलवायचे नाहीत. कोरेगावला लेकीकडे जायचं, तरी हीच गाडी. वाटेत झाडाखाली थांबून चहा करायचा, आणि तो लालासाहेबांनीच करायचा, असा नियम होता.

“मग या वेळी तुम्हाला का नाही नेलं, मावशी?”

“म्हणाले, ह्या खेपंला तू नगं.” राहीबाई घुटमळली. “खंडेनवमीपास्नं त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. पूजेसाठी गाडी धुताना पुढचा बंपर खोलला व्हता. त्यात काळ्या लोकरीची चिंधी अडकली व्हती. घोंगडीची असावी. ती खिशात घातली अन् जेवले न्हाईत.”

“बंपर त्याआधी कधी खोलला होता?”

“न्हाई. गेल्या थंडीत जयराज गाडी घेऊन सोलापूरला गेला व्हता. येताना रेडा आडवा आला म्हणाला. पुढचा दिवा फुटला व्हता, तेवढा बदलला.”

“निघताना काही नेलं होतं का त्यांनी?”

“माझ्याकडनं नवं लुगडं मागून घेतलं. हिरवं नगं, साधं दे म्हणाले. खण ठेवते म्हटलं, तर नगं. कुंकू पण नगं. कुणाला ते सांगितलं न्हाई.”

गाडीत ते लुगडं नव्हतं.

संयोगिता साबणाची तीच वडी घेऊन काठावर गेली. खडकावर बसून जलाशयाच्या पाण्यात हात धुतले. वडी हाताला लागते न लागते तोच पांढराशुभ्र फेस झाला, आणि तो जाता जाईना. ती बघतच राहिली. मग उठून तिनं जतच्या बाजूच्या ठाण्यात फोन लावला. एकच गोष्ट विचारली. पलीकडच्या माणसानं जुनं प्रकरण आठवून एक नाव सांगितलं, तिकडच्या वस्तीवर माणसं पाठवली आणि तासाभरानं परत फोन केला.

फोन ठेवल्यावर तिनं बोटीला हात केला.

“गळ वर घ्या. ते पाण्यात नाहीत.”

जयराजनं चमकून मागं बघितलं.

संयोगितानं दोन स्टीलचे पेले मागवले. एकात जलाशयाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात गाडीच्या नळाचं. साबणाचा किस दोन्हीत टाकला आणि पेल्यांची तोंडं तळहातानं झाकून दोन्ही हलवले. मग गाडीच्या पायरीवर ठेवले.

“काय फरक दिसतो, जयराज?”

“ह्याला फेस आलाय.”

“आणि याला?”

“न्हाई आला.” तो गोंधळला. “साबण येगळा हाय का?”

“साबण तोच आहे. पाणी वेगळं आहे.”

ती वर्गात समजवावं तशा संथ आवाजात बोलू लागली. पावसाचं साठलेलं पाणी हलकं असतं. कोयनेचं पाणी तसं. पण पूर्वेकडच्या माळावर बोअरचं पाणी खोल खडकातून येतं आणि येताना खडकातला चुना घेऊन जड होतं. त्या पाण्यात साबण फेसाळत नाही, फाटतो. तूरडाळ शिजता शिजत नाही. आणि ते उकळलं, की भांड्याच्या तळाला पांढरी खरपुडी धरते.

“माझी आई अशीच भांडी घासत म्हातारी झाली. तुम्ही कृष्णाकाठचे. पाणी सगळीकडं सारखंच, असं नदीकाठच्या माणसाला वाटतं. म्हणून चपला नीट ठेवल्यात, मोबाइल उशीखाली ठेवलात, पण टाकी ओतून द्यायचं तुम्हाला सुचलं नाही.”

“वाटंत कुठंतरी भरलं असंल त्यांनी.”

“मग इथल्या नळाला टाकी भरत असल्याचा फोन कुणी केला?”

जयराजची नजर पायरीवरच्या पेल्यांकडं गेली.

“गाडी पूर्वेला गेली होती. तिथं टाकी भरली, तिथं चहा झाला. तिथून ती थेट इथं आणली गेली. प्रश्न एवढाच, की सुभेदार तिकडं कशाला गेले? तर दुखवट्याला. हिरवं नको, खण नको, कुंकू नको. असं लुगडं आपल्याकडं कुणाला नेतात, हे मावशींना माहीत आहे. फक्त कुणी मेलंय, हे त्यांना माहीत नव्हतं.”

राहीबाईनं पदर तोंडाला लावला.

“गेल्या थंडीत जतच्या बाजूला, सोलापूरहून येणाऱ्या रस्त्यावर, पहाटेच्या वेळी धुळा नावाचा मेंढपाळ कळप घेऊन निघाला होता. त्याला एका गाडीनं उडवलं. गाडी थांबली नाही आणि ती कुणाची हे कधी कळलं नाही. धुळाच्या अंगावर काळी घोंगडी होती, आणि तिचा एक कोपरा फाटून गेला होता.” ती थांबली. “रेडा घोंगडी पांघरत नाही, जयराज. बंपरमधली चिंधी बघितल्यावर सुभेदारांनाही तेच कळलं.”

“हे सगळं तुमी मनानं जुळवताय.”

“धुळाच्या बायकोकडं, हरणाबाईकडं, आमची माणसं आत्ता जाऊन आली. सोमवारी संध्याकाळी पांढऱ्या गाडीतून एक म्हातारा आला होता. तिला लुगडं दिलं आणि म्हणाला, उद्या एकाला घेऊन येतो, त्यानं तुझ्या पाया पडायचंय. तो एक कोण?”

वारा सुटला होता. धुकं विरळ होत होतं आणि जलाशयाचा पलीकडचा काठ हळूहळू दिसू लागला होता. जयराज खाली बघत उभा होता.

“त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही स्वतःचा मोबाइल घरी ठेवून एसटीनं गेला असणार. पुढचं मला माहीत नाही. माणूस दिसेनासा व्हायला त्या माळावर पडक्या विहिरीच आहेत, आणि त्या पाचपन्नास असतील. एकेक बघायची, तर दोन दिवस जातील. तेवढे त्यांच्याकडं आहेत का, ते तुम्हाला ठाऊक.”

संयोगितानं आयुष्यात पुष्कळ गप्प माणसं बघितली होती. हा संध्याकाळपर्यंत तसाच उभा राहील, हे तिला दिसत होतं. तिच्याकडं आता दाखवायला काही उरलं नव्हतं.

मग राहीबाई उठली. हातात अजून ती किटली होती. ती जयराजसमोर येऊन उभी राहिली.

“तुला लहानपणी पवायला त्यांनीच शिकवलं रं,” ती म्हणाली. “विहिरीत उतरताना तू भ्यायचास. ते खाली उभं राहून हात पसरायचे. आता ते खाली असतील तर हात कुणी पसरायचा?”

जयराज तिच्या हातातल्या किटलीकडं बघत बोलला.

“लिंबाच्या झाडाजवळ. वस्तीपास्नं लांब, वढ्याच्या पल्याड. कोरडी हाय.” मग घाईघाईनं म्हणाला, “मी ढकललं न्हाई, काकू. वस्तीवर चल म्हणून त्यांनी हात धरला. मी हिसडा मारला. चपला तेवढ्या वर राहिल्या.”

“अन् मग?”

जयराजनं मान फिरवली.

“मी निघालो तवा हाक मारत व्हते.”

राहीबाईच्या हातून किटली पडली. तानाजीनं जयराजचा दंड धरला, आणि संयोगितानं फोन कानाला लावला.

त्यानंतरचा वेळ कसा गेला, ते कुणाला नीट सांगता येणार नाही. राहीबाई गाडीच्या पायरीवर बसून होती. संयोगिता तिच्या शेजारी, फोन मांडीवर ठेवून. सूर्य डोंगराआड जाऊ लागला, तेव्हा फोन वाजला. संयोगितानं तो दोघींना ऐकू येईल असा धरला.

लालासाहेब सापडले होते. विहीर हरणाबाईनंच दाखवली, दोरही तिच्याच घरचा. पाय मोडला होता आणि आवाज पार बसला होता. तळाच्या ओलसर मातीत ओठ टेकवून त्यांनी दिवस काढले होते. पण वर काढल्यावर हरणाबाईनं तांब्या पुढं केला, तर त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

“का? काय म्हणतात?” संयोगितानं विचारलं.

“म्हणतात, पाणी नगं. आधी ऐक, मग ठरव, द्यायचं का न्हाई ते.”

त्यांनी खिशातून लोकरीची चिंधी काढली होती. पलीकडचा हवालदार सांगत होता, की ते कुजबुजल्यासारखे बोलत होते आणि ती बाई वाकून ऐकत होती. शेवटी ती ताठ उभी राहिली. त्या चिंधीकडं बघत राहिली. सगळ्यांना वाटलं, आता ही तांब्या ओतून निघून जाणार.

“मग?” राहीबाईनं विचारलं.

“मग खाली बसली. म्हातारबाबांची मान एका हातानं उचलली अन् तांब्या तोंडाला लावला. म्हणाली, जड हाय आमच्याकडचं पाणी. दमानं प्या.”