गोण्या उतरवल्यानंतर

मुलुंडच्या त्या चार मजली इमारतीत मी गेले ते रोजच्यासारख्याच कामाला. जुना स्लॅब तपासायचा होता. वरच्या खोलीत वाळूच्या गोण्या रचायच्या, दिवसभर ठेवायच्या आणि उतरवायच्या. भार गेला की वाकलेला स्लॅब परत सरळ व्हायला हवा. झाला तर इमारतीची दुरुस्ती, नाही तर पाडकाम. रहिवाशांना आधीच बाहेर काढलं होतं.

त्यांच्यातल्या एकट्या वसुधाकाकू खालच्या खोलीत आमच्यासोबत बसून होत्या. वरचं घर त्यांचंच. नवरा कित्येक वर्षं तिथे अंथरुणाला खिळून होता आणि तिथेच गेला. आता त्या भाच्याकडे सोफ्यावर झोपत.

"पाडली तर नवी बांधून होईपर्यंत मी खंय उरतंय?" त्या म्हणाल्या. "माका माझ्याच घरात मरूचा आसा गो."

मी नुसती मान हलवली. कामाच्या वेळी मला बोलणं चालत नाही. स्लॅबच्या पोटाला, म्हणजे आमच्या डोक्यावरच्या छताला, चिकटवलेले वाक मोजणारे सेन्सर इतका क्षीण व्होल्टेज देतात, की जवळ कुणाचा मोबाइल वाजला तरी आकडे बिथरतात; सतत लक्ष ठेवावं लागतं. माझा जोडीदार सुबोध यावरून मला खडूस म्हणतो. म्हणू दे.

गोण्या उतरल्या, मजूर निघून गेले. लॅपटॉपवरचे आकडे भराभर शून्यावर आले. एक सोडून. खिडकीजवळचा सेन्सर वरच अडकला होता आणि सावकाश वरखाली होत होता.

"शील्डची वायर दोन्हीकडे अर्थिंगला जोडलीस ना?" मी सुबोधवर खेकसले. तसं केलं की सिग्नलमध्ये विजेचा गोंगाट शिरतो.

"एकाच बाजूला आहे गं. बघ ना."

खरंच एकाच बाजूला होती. मी मेन स्विच पाडला. लॅपटॉप बॅटरीवर ठेवला. मग त्या सेन्सरच्या वायरी काढून आकडे लॅपटॉपला पोचवणाऱ्या डब्याचं इनपुट शॉर्ट केलं. आकडा सरळ शून्य. डबा खोटं बोलत नव्हता. वायरी परत जोडल्या. पुन्हा तेच. वर... खाली... वर. विजेचा गोंगाट इतका संथ नसतो. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसं ते हलत होतं.

सुबोध वर जाऊन आला. "रिकामी आहे यार. पण... पावडरचा वास येतोय. आजारी माणसाला लावतात तसला."

मी छताच्या ज्या जागेकडे बोट दाखवत होते ती काकूंनी पाहिली. "थंयच ह्यांची खाट होती."

मी पुन्हा लॅपटॉपकडे पाहिलं. आकडा तसाच हलत होता.

"हे असे राहिले तर बिल्डिंग नापास?"

"हो, काकू."

"ह्यांका एकट्याक भीती वाटता," त्या उठत म्हणाल्या. "मी समजावतंय."

अडवायला हवं होतं. मी लॅपटॉपपाशीच बसून राहिले. थोड्या वेळाने डोक्यावर पावलं वाजली. सांडलेली वाळू चपलेखाली करकरत खिडकीपर्यंत गेली आणि थांबली. आता आकडा वाढायला हवा होता. एका माणसाचं वजन.

तो उतरत गेला. शून्यावर येऊन थांबला.

"काकू...?" सुबोधने जिन्यातून हाक मारली.

"हयच आसंय रे," वरून, अगदी त्या सेन्सरच्या वरून, आवाज आला. पावलं पुन्हा करकरली. आकडा ढिम्म.

त्या खाली आल्या आणि मी सुबोधला त्याच जागी पाठवलं. त्याने पाऊल ठेवताच आकडा उसळला.

"झाली ना पास?" काकू माझ्या शेजारी बसत म्हणाल्या. चेहरा कसा निवांत होता.

"झाली," मी म्हणाले. आकड्यांवरून तसंच होतं. रिपोर्टही पुढे तसाच गेला.

अंधार पडायच्या आत निघायचं होतं. "गुडघे गेले गो," म्हणत काकूंनी उठताना माझ्या खांद्यावर हात टेकला आणि सगळं अंग माझ्यावर सोडलं. हात चांगला उबदार होता. मी खांदा घट्ट करून त्यांचा भार पडण्याची वाट बघत राहिले.