इझोत्ताच्या मैत्रिणी

देल्फिनाने तिसऱ्या मुलीच्या ओठावरची हिरवी खपली सुरीच्या टोकाने अलगद उचलली, आणि शेजारी बसलेला नेव्हिओ ओरडलाच, "अगं, हीपण हसतेय!"

इटलीतल्या मांतोवाजवळच्या त्या गावात, चर्चच्या डाव्या अंगाला असलेल्या समाधीघरात दोघं मार्चपासून जुने पुतळे साफ करत होती. मधोमध दगडी पेटी, पेटीवर ब्राँझची इझोत्ता उताणी झोपलेली. १५११ साली, सतराव्या वर्षी ती तापाने गेली. बापाने तिच्या चार मैत्रिणींचे पुतळे ओतवून घेतले आणि चार कोपऱ्यांत उभे केले. मूर्तिकाराशी केलेल्या करारात स्वच्छ लिहिलं होतं : चौघी रडताना. पाचशे वर्षं त्या काजळीखाली आणि हिरव्या कळंकाखाली रडत उभ्या होत्या.

पहिली साफ झाली तेव्हा देल्फिनाला वाटलं, मळामुळेच ओठ वाकडे दिसत असणार. दुसरीच्या वेळी तिने फोटो काढून ठेवले. आता ही तिसरी. हसूही साधंसुधं नव्हतं. कोणीतरी कानात चावट काहीतरी सांगावं आणि आवरता आवरू नये, तसं.

चर्चची देखभाल करणारा म्हातारा बत्तिस्ता डोकावला. "काय गं पोरींनो, कुणाची टिंगल चालवलीय?" पुतळ्यांकडे बघत म्हणाला, आणि इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं. चार वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून त्याला कोणी हसताना पाहिलं नव्हतं.

तिघींचे फोटो सरकारच्या पुरातत्त्व खात्यात पोचले. शुक्रवारी तिथल्या ताराझीबाई काखेत खोका घेऊन आल्या. खोक्यात १९०२ साली चौघींच्या चेहऱ्यांवरून घेतलेले प्लास्टरचे ठसे होते. चारही चेहरे रडके.

"ओठ ठोकून वळवलेत तुम्ही," बाई म्हणाल्या. "परवाना जाईल."

"मॅडम, ब्राँझ आहे ते. कणीक नाही." देल्फिना म्हणाली. तीस वर्षांचं नाव पणाला लागलं होतं.

बाईंनी देल्फिनाने काढून ठेवलेले पुतळ्यांचे एक्स-रे पाहिले. हातोडीचा घाव नाही, कानशीची रेघ नाही.

"ठीक आहे. चौथीला तुम्ही हात लावायचा नाही. मी साफ करते."

त्यांनी आधी चौथीचे ओठ मोजले. ठशाशी तंतोतंत जुळले, कोपरे खाली. मग कोट काढून त्या स्टुलावर बसल्या. हात कसलेला होता. खिडकीतून ऊन आत आलं, सरकलं.

साडेतीनला त्यांचा हात थांबला.

"मी दाबलं नाही," त्या म्हणाल्या.

"आम्ही कुठं म्हणतोय दाबलंत म्हणून?" नेव्हिओ म्हणाला.

बाईंनी ठसा उचलून पुतळ्याशेजारी धरला. प्लास्टरची मुलगी रडत होती. ब्राँझच्या मुलीचे वरचे चार दात दिसत होते.

बाईंच्या नाकातून आधी फुसकन आवाज आला. मग त्या खळखळून हसल्या, पोट धरून. नेव्हिओ हसला, दारात येऊन उभा राहिलेला बत्तिस्ता हसला, देल्फिनाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अहवालात लिहू तरी काय?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"लिहा, मळ निघाला!" नेव्हिओ म्हणाला.

बाईंनी खरंच तसं लिहिलं आणि खाली सही केली. बत्तिस्ताने घरून बदामाचा खुसखुशीत केक आणि वाइन आणली. केक हातानेच मोडून सगळ्यांनी खाल्ला. इतका सुखाचा दिवस देल्फिनाला कित्येक वर्षांत आठवत नव्हता.

पेला हातात घेऊन ती इझोत्ताकडे वळली. सोमवारपासून तिचं काम सुरू व्हायचं होतं, अजून तिला कोणी बोटही लावलं नव्हतं. चेहऱ्यावर कळंकाचा जाड थर तसाच होता.

तसाच नव्हता.

तोंडाच्या दोन्ही बाजूंना थर तडकला होता. बारीक, गोलसर रेघा ओठांच्या कोपऱ्यांपासून गालांपर्यंत गेल्या होत्या. डोळ्यांखालीही तशाच. ब्राँझच्या उशीवर हिरव्या खपल्या पडलेल्या होत्या.

मागे सगळे अजून हसतच होते. देल्फिना खाली वाकली.

गालावरून आणखी एक खपली घसरली.