सोप्यावरचे हीर

घराला कुलूप घालून, किल्ली कमरेला खोचून सुलोचना नवऱ्याला घेऊन पणजीच्या बसमध्ये बसली. एके काळी गोकुळदास मये गावातल्या घरच्या सोप्यावर बसून माडाच्या झावळांचे हीर काढी, खराटे बांधी आणि तीन चमचे साखरेचा चहा पीत येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करी. आता चार वर्षं तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. गोळ्या थकल्या. एकदा तर त्याला विहिरीच्या कठड्यावरून ओढून आणावं लागलं होतं. तेव्हापासून सुलोचनाची झोप उडाली होती.

पणजीच्या डॉक्टर क्षमाने केटामीन सुचवलं तेव्हा भाचा सर्वेश उसळला. "मामी, पेडण्याक पार्ट्यांनी हुंगतात ती पावडर ही!"

डॉक्टरने नाकारलं नाही. औषध तेच, मूळचं भुलीचं. मोजून, नजरेखाली दिलं तर काहींचं मन सावरतं. रक्तदाब चढू शकतो, चटक लागू शकते, आणि चाळीसेक मिनिटं आपण शरीराबाहेर आहोत असं वाटतं. बुडत्याला काडीचा आधार. सुलोचनाने सही केली.

पहिल्या सलाइननंतर तिने विचारलं, "कितें दिसलें?"

"सोप्यार बसून हीर काढी आसलों."

चार वर्षांतलं पहिलं धड वाक्य. ती तिथेच रडली.

घरी आल्यावर सोप्यावर मूठभर ओले हीर पडलेले दिसले. शेजारच्या भागीरथीने काढले असतील, असं म्हणून तिने ते उचलून ठेवले.

दुसऱ्या खेपेला सलाइन चालू असतानाच भागीरथीचा फोन आला. "अगो, तुमी पणजे गेल्यात मगो? मग गोकुळदासभाऊ सोप्यार कसो?"

सुलोचनाने पलंगाकडे पाहिलं. गोकुळदासच्या डोळ्यांवर पट्टी होती. त्याचा अंगठा मात्र चादरीवर पात सोलल्यासारखा हलत होता.

ती घाबरली. पण त्या दिवशी त्याने माशांचं हुमण आणि भात मागून घेतला. हाती लागलेला नवरा कोण सोडील? तिने डॉक्टरला काही सांगितलं नाही.

तिसऱ्या खेपेला रक्तदाब चढला. डॉक्टरने सलाइन अर्ध्यावर काढलं.

गोकुळदास डोळे उघडून हसला. "बरें दिसता."

खरंच बरा झाला तो. बाजारात जाऊ लागला, गप्पा मारू लागला. चहा तेवढा बिनसाखरेचा मागू लागला. सोप्यावर अर्धा बांधलेला खराटा पडला होता. त्याच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

पंधरा दिवसांनी दोघं कारापूरहून लग्न जेवून भरदुपारी बसने परतत होती. फोन वाजला.

"तू खंय उरलें गो?" भागीरथी विचारत होती. "भाऊ केन्नाचो सोप्यार बसला. चाय दिली हांवें. विचारता, सुलोचना दार केन्ना उगडटली?"

सुलोचनाने शेजारी पाहिलं. गोकुळदास खिडकीतून शेतं बघत होता. कोणता हवा, हे ठरवायला तिला क्षणही लागला नाही. तिने फोन बंद केला.

"कोण गो?"

"राँग नंबर."

त्याने मान डोलावली. बाहेर बघतच म्हणाला, "भागीरथीक सांग, तीन चमचे साकर घाल म्हण. ताका गोड लागता."