पहिली काच की दुसरी?

आमची पहिली भेट अंधारात झाली, आणि तेव्हा आमच्या चेहऱ्यांत जेमतेम वीतभर अंतर होतं. एवढं ऐकलं की लोकांच्या भुवया वर जातात, म्हणून लगेच सांगते — तो चष्मेवाला होता आणि माझे डोळे तपासत होता.

त्याचं दुकान आमच्या हॉस्पिटलसमोरच्या गल्लीत. मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करते. माणसं मला बहुतेक नळ्यांतूनच भेटतात, आणि मला ते बरं पडतं. नळी उगाच गप्पा मारत नाही.

"आता माझ्या उजव्या कानाकडे बघा," तो म्हणाला.

कान चांगला होता. पण त्याच्या श्वासाला एक गोडसर, अति पिकलेल्या फळासारखा वास होता. अ‍ॅसिटोनचा. प्रयोगशाळेत रोज नाकाशी असतो, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता.

"आता बरं दिसतंय, की… आता? पहिली काच की दुसरी?"

"जरा जवळ या."

त्याचा हात काचेवरच थांबला. "अजून?"

"अजून. आणि श्वास सोडा."

त्याने सोडला. जरा थरथरतच. मी दिवा लावायला सांगितला.

"तुमच्याकडे अ‍ॅसिटोनची बाटली आहे?"

"आहे की. तुटलेल्या प्लास्टिकच्या फ्रेमा त्यानेच तर जोडतो. बाहेरच्या कपाटात आहे, कितीतरी दिवसांत उघडलेली नाही. पण का?"

मी जाऊन कपाट उघडलं. बाटलीचं बूच घट्ट होतं, कपाटात वास नव्हता. परत येऊन त्याला पुन्हा श्वास सोडायला लावला. माझी कामाची पद्धतच तशी आहे — एक कारण धरायचं, तर बाकीची आधी बाद करायची.

"तहान फार लागते?"

"लागते." टेबलाखाली पाण्याच्या रिकाम्या बाटल्या लोळत होत्या.

"वजन उतरलंय." कमरेच्या पट्ट्याला घरीच पाडलेलं नवं भोक दिसत होतं.

तो चक्क लाजला. "तुम्ही इतकं बारकाईने बघताय… आपण कुठेतरी बसून चहा घ्यायचा का?"

"तुमच्या तोंडाला वास येतोय," मी म्हणाले.

प्रेमाची सुरुवात या वाक्याने आजवर कुणी केली नसेल. मी केली.

तासाभरात त्याच्या रक्ताची नळी माझ्या हातात होती. साखर आभाळाला भिडलेली. त्याला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले, तेव्हा हाताला सलाइन लावून तो पडला होता.

"माझ्या आत नेमकं झालंय काय?" त्याने विचारलं.

"कोठी धान्याने भरलीय, पण किल्ली हरवलीय," मी म्हणाले. "साखर रक्तात आहे, पण पेशींच्या आत जात नाही, कारण इन्सुलिन नाही. मग चूल पेटती ठेवायला शरीर घरातलं सामान जाळतं. म्हणजे चरबी. त्या जळण्यातून अ‍ॅसिटोन तयार होतं आणि श्वासातून बाहेर पडतं."

"म्हणजे धूर तुम्हाला आधी दिसला."

मी निघाले. दारापर्यंत जाऊन परत आले आणि त्याची चादर नीट केली. ते काम नर्सचं होतं.

तो बरा झाला, इन्सुलिन टोचून घ्यायला शिकला, आणि प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊ लागला. चाललं की साखर का उतरते? नीट झोप झाली नाही की का वाढते? हे सगळं डॉक्टरांना विचारता आलं असतं. पण मी उत्तरं देत होते, आणि जरा लांबवूनच देत होते.

मी माझ्या आत्याकडे राहते. आत्या म्हणाली, "साखर त्याची वाढली, आणि गोड तू बोलायला लागलीस!"

मग एके दुपारी हॉस्पिटलच्या मागच्या बाकावर तो म्हणाला, "तुम्ही दिसलात की छातीत धडधडतं. हाताला घाम येतो."

"साखर फार उतरली तरी तसंच होतं. मोजलीत?"

"मोजली. ठीक होती."

"मग अ‍ॅड्रेनलिन. काही दिवसांनी कमी होतं. त्यात मी तुम्हाला वेळेवर दवाखान्यात आणलं, म्हणून उपकाराचं ओझं. त्याला तुम्ही दुसरं काहीतरी समजताय."

"आणि तुमचं काय?"

"माझं सगळं नॉर्मल आहे."

तो बाकावरून उठला. मग म्हणाला, "बरं. पुन्हा नाही विचारणार. आणि खिडकीशीही येत नाही आता… प्रश्न संपलेत माझे. गेले कित्येक दिवस मी ते शोधून आणत होतो."

त्याने शब्द पाळला. मला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. वाईट वाटलं, खूप वाईट. खिडकीवर टकटक झाली की मी मान वर करायची, आणि तिथे कुणीतरी नळी घेऊन उभं असायचं. एक 'नाही' बोलून मी त्याला घालवून बसले होते, आणि परत बोलवायला जीभ रेटत नव्हती.

अशातच आत्या माझ्या चष्म्यावर बसली. चुकून, असं तिचं म्हणणं. फ्रेम मधोमध मोडली. ती स्वतःच त्याच्याकडे टाकून आली आणि घरी येऊन म्हणाली, "माझे गुडघे दुखतायत. आणायला तू जा."

मी गेले. चष्म्याशिवाय जग पुसट दिसत होतं. दुकानाचं दार ढकललं, आणि तोच वास आला. गोडसर, दाट.

तो टेबलावर वाकून, कपाळाला हात लावून बसला होता.

"इन्सुलिन घेतलंस का?" मी ओरडले. "कधीपासून असं होतंय? बोल ना!"

"अहो, मी—"

"गप्प बस. यंत्र कुठाय तुझं?" मी खण उपसला, त्याचा हात ओढला, बोटाला सुई टोचली. इतकी वर्षं सुया हाताळतेय, पण दोनदा टोचावी लागली. "मरायचंय का तुला? मी नाही म्हटलं म्हणून औषधं सोडायची? मला विचारायचं तरी… मी आले असते रे, लगेच आले असते!"

यंत्राने आकडा दाखवला. तो डोळ्यांजवळ धरून मी दोनदा वाचला. अगदी हवा तसा होता.

त्याने मोकळ्या हाताने टेबलावरची बाटली हळूच माझ्यापुढे सरकवली. बूच उघडं होतं. शेजारी माझी फ्रेम, नुकतीच जोडलेली, अजून ओलसर.

त्याचा हात अजून माझ्या हातात होता आणि माझ्याच छातीत धडधडत होतं.

"चष्मा नव्हता," तो सांभाळून घेत म्हणाला, "म्हणून बाटली दिसली नसेल तुम्हाला."

पळवाट चांगली होती. त्याने ती मुद्दाम उघडून दिली होती, हेही मला कळलं.

"नाही," मी म्हणाले. "बाटली तुमच्याकडे आहे, हे मला माहीत होतं. पहिल्या दिवशी मी आधी तीच बघितली होती. आज आठवलीच नाही. काहीच आठवलं नाही. माझं… माझं नॉर्मल नाहीये."

त्याने फ्रेमवर फुंकर घातली, ती सुकू दिली, काचा बसवल्या. मग उठून चष्मा माझ्या नाकावर ठेवला आणि काड्या कानांमागे नीट बसवल्या.

"आता कसं दिसतंय?"

"जरा जवळ या."

"अजून?"

"अजून," मी म्हणाले.