उजव्या पायाची चप्पल

मास्तर स्वतःच्याच गच्चीत मेले आणि खापर फुटलं कुलूपवाल्याच्या डोक्यावर. दार लोटलं की आपोआप बंद होणारं कुलूप त्यानंच आठवड्यापूर्वी स्वयंपाकघरातून गच्चीत उघडणाऱ्या दाराला बसवलं होतं. किल्ली आत खुंटीला, मास्तर बाहेर भर उन्हात. खाली सुताराची करवत दिवसभर कोकलते. म्हाताऱ्यानं कितीही टाहो फोडला तरी ऐकणार कोण?

चार दिवस कुलूपवाल्याला अन्न गोड लागेना. शेवटी त्यानं खासगी तपास करणाऱ्या ताईंना गाठलं. त्यांच्यासाठी त्यानं आजवर किती तरी कुलपं उघडली होती. स्वतःचं डोकं तेवढं कधी उघडलं नव्हतं.

"ताई, खरं सांगा. माझ्या हातानं माणूस गेला का?"

"आधी घर बघू."

मास्तरांची मुलगी दवाखान्यात नर्स होती. "सहाला आले," ती म्हणाली. "बाबा दाराशी पडलेले. डाव्या पायात चप्पल, उजवा तळवा पोळलेला. दोरीवरची निळी चादर ओढली नि त्यांच्यावर घातली. ती त्यांच्याबरोबरच गेली."

"दुसरी चप्पल?"

"आत, रॅकवर. फार विसरायला लागले होते हो."

कुलूपवाल्याला ते पटलं. एकच चप्पल घालून उन्हात जाणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं?

घरकामाच्या मावशींनी मात्र मान हलवली. "विसरायचे कसले! कपडे धुऊन मी बादली ठेवली, चादर नि सगळं, आणि साडेअकराला गेले. वाळत मास्तरच घालायचे. जाताना उजवी चप्पल दाराच्या फटीत अडकवायचे. म्हणायचे, किल्ली हरवते, चप्पल हरवत नाही. त्या फटीतून मांजर शिरायचं नि जावईबापूंचा पारा चढायचा. मी नाही बाई त्या चपलेला हात लावत."

जावई कोचावर डोकं धरून बसला होता. "मी दिवसभर ऑफिसात. घरी यायला सात वाजले, तोवर बाबांना नेलं होतं. गच्चीत नुसती ती निळी चादर फडफडत होती." मग कुलूपवाल्याकडे वळून तो म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाच्या घरात असलं कुलूप बसवतात?"

हेच कुलूप जावयानंच मागितलं होतं.

ताईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. रॅकवरची चप्पल फटीत ठेवून दार लोटलं. दार चपलेवर अडलं.

"मास्तर काहीच विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. "एक पाय चपलेत, दुसरा अनवाणी, असे ते बाहेर गेले. चप्पल फटीत असेपर्यंत हे कुलूप लागणं शक्य नाही. आणि बाहेरच्या माणसाला आतल्या रॅकवर चप्पल ठेवता येत नाही. म्हणजे ती उचलणारा घरात होता."

"मी नव्हते हो!" मावशी ओरडल्या.

"तुम्ही नव्हताच. चादर साडेअकरापर्यंत बादलीत होती. सहाला ती मास्तरांच्या अंगावर गेली. दोरीवर फडफडताना ती दिसेल कुणाला? जो त्या मधल्या वेळात या दाराशी उभा होता त्याला. सात वाजता आलेल्याला नाही."

सगळ्यांच्या नजरा जावयाकडे वळल्या.

"फाईल न्यायला आलो होतो," तो पुटपुटला. "ओट्यावर मांजर, दूध सांडलेलं. डोकं फिरलं. दहा मिनिटं अद्दल घडवावी म्हणून फटीतली चप्पल काढून दार लोटलं. ते दाराच्या काचेवर थापा मारत होते. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, बोलत बोलत जिना उतरलो, आणि..."

"आणि विसरलास," मुलगी म्हणाली. "पोलिसांना सांगायलाही विसरलास."

तिनं स्वतः पोलिसांना फोन लावला. कुलूपवाल्याला वाटलं होतं, निर्दोष ठरलो की छातीवरचा धोंडा उतरेल. पण काचेवरचे तळहाताचे डाग त्याला आत्ता दिसले आणि त्याचे डोळे भरून आले.

पोलीस जावयाला घेऊन गेले. मुलगी कुलूपवाल्यापुढे येऊन उभी राहिली.

"दादा, गच्चीच्या दाराचं कुलूप काढून टाका," ती म्हणाली. "आणि पुढच्या दाराचं बदला. किल्ली एकच द्या."