निळं ठिगळ

बोट होती तेव्हाची गोष्ट. आता पूल झाला आहे. पुलावरून नदी दोन मिनिटांत ओलांडता येते, त्यामुळे वाटेत कुणी कुणाच्या प्रेमात पडत नाही. तेवढा वेळच मिळत नाही.

बोटीला दोन मजले होते. वर वेताच्या खुर्च्या आणि वारा. खाली लाकडी बाकं आणि इंजिनाचा धूर. नदी दोघांनाही एकाच वेळी पलीकडे पोचवायची, हा बोटीच्या कंपनीला नदीचा अडाणीपणा वाटत असावा. कारण ही चूक कंपनीने धक्क्यावरच्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या कचेरीत दुरुस्त करून घेतली होती. तिथे खिडक्या दोन. वरच्या मजल्यावर विसरलेल्या वस्तूंसाठी डावी खिडकी: नुसतं आडनाव सांगायचं, की वस्तू हातात, वर दिलगिरी. खालच्यांसाठी उजवी: तिथे खूण पटवावी लागे. कुठे फाटलंय, कशानं शिवलंय, टवका कुठे उडालाय... आपली वस्तू आपण चोरलेली नाही हे सिद्ध करायचं.

या कचेरीत ती फोटोवाली होती. वडील त्याच बोटीच्या इंजिनात तेल घालायचे. बेवारस वस्तूंचे फोटो काढून धक्क्यावरच्या फळ्यावर लावायचे, हे तिचं काम. वरची वस्तू जांभळ्या मखमलीवर, खालची गोणपाटावर, असा नियम. मखमलीवर ठेवलं की फाटकं पाकीटही वारशात आल्यासारखं दिसे. गोणपाटावरचं चांगलं घड्याळसुद्धा लंपास केलेलं वाटे. दुपारी हेडक्लार्क भाऊसाहेब डुलकी काढत, तेव्हा दोन्ही खिडक्या तिच्याच गळ्यात.

अशाच एका रिमझिमत्या दुपारी डाव्या खिडकीशी एक तरुण येऊन उभा राहिला – नखशिखान्त निथळत.

"माझी छत्री राहिलीय बोटीत."

"ते दिसतंय," ती म्हणाली.

तो हसला. पलीकडच्या काठावर नुकताच दवाखाना थाटलेला दातांचा डॉक्टर. त्याचे स्वतःचे दात जाहिरातीसारखे.

"खूण सांगा."

"या खिडकीला खूण लागत नाही म्हणे."

"लागत नाही. मला आपली उत्सुकता."

तो विचारात पडला. "काळी आहे..."

"वा! हजारात उठून दिसेल."

"मूठ... लाकडाची असावी."

"चांदीची आहे, डॉक्टर. रोज हातात धरता ना?"

"तुम्ही समोर असताना चांदी काय नि लाकूड काय—"

"इथे सही करा."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा रुमाल राहिला. मग चष्म्याचं घर. मग एक मोजा. बोटीत मोजा विसरायचा तर आधी बूट काढावा लागतो, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं, भाऊसाहेबांच्या आलं.

"जपा हो डॉक्टर," ते म्हणाले. "याच वेगानं गेलात तर पावसाळा संपेपर्यंत उघडे पडाल."

ती येता-जाता खालच्या मजल्यावर ज्या बाकावर बसे, त्याच बाकावर हळूहळू तोही बसू लागला. पाऊस असला की धक्क्यापासून रस्त्यापर्यंत तिच्या छत्रीत. छत्री आईची, जुनी, जागोजाग डागडुजी केलेली. तो मान वर करून, पेशंटचा जबडा तपासावा तशी ती न्याहाळायचा.

"ही काडी कशानं बांधलीय?"

"बाबांच्या गळाच्या दोऱ्यानं."

"काम सुरेख आहे. माझ्याकडची दाढ इतकी टिकत नाही."

"पुढे बघून चाला. चिखल आहे."

आणि एकदा मखमल धुवायला गेली. मग तिने सगळ्याच वस्तू एका राखाडी कांबळ्यावर, खिडकीच्या एकाच उजेडात मांडून फोटो काढले. फळ्यापुढे गर्दी झाली. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी खालच्या मजल्यावरचा डबा ठामपणे आपला म्हणून ओळखला. भाऊसाहेबांना घाम फुटला. "अगं पोरी, आता माणसं कुठल्या खिडकीला पाठवू मी?"

मखमल परत आली. पण तेव्हापासून ती स्वतःसाठी जोड्या टिपू लागली. वरचा कंगवा, खालचा कंगवा. दोन चष्मे. दोन किल्ल्या. एकच कांबळं, एकच उजेड. शेवटी डॉक्टरांची पुन्हा राहिलेली छत्री आणि तिची स्वतःची, एकमेकींना टेकून... हा फोटो चुकून फळ्यावर लागला. निदान भाऊसाहेबांना तिने तसं सांगितलं.

सोमवारी डॉक्टरांच्या आई डाव्या खिडकीशी आल्या. मागे डॉक्टर.

"आमच्या ह्यांची छत्री आहे ती! रस्त्यावर येणारेजाणारे बघतायत तिला. आणि तिला टेकून हे काय उभं केलंय? ही दुसरी कुणाची रे?"

त्याने खिडकीतून आत पाहिलं. ती कॅमेऱ्याची काच पुसत होती. तिचा हात थांबला.

"कोण जाणे," तो म्हणाला.

भाऊसाहेबांनी छत्री दिली. दिलगिरीसकट.

संध्याकाळी फोटो फळ्यावरून उतरला. तिची आई ताट वाढताना एवढंच म्हणाली, "वरची माणसं मजा बघायला खाली येतात गं. वस्तीला नाही."

त्यानंतर डॉक्टरांची एकही वस्तू हरवेना. भाऊसाहेबांना करमेनासं झालं. घरी जाताना, पाऊस असला तरी, तिची छत्री काखेतच राहायची.

मग एका दुपारी, उजव्या खिडकीला लांबलचक रांग होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय हरवलं?"

"छत्री."

आवाज ओळखीचा. "डावी खिडकी," ती म्हणाली.

"ती नाही. फोटोतली दुसरी."

तिने वर पाहिलं. त्याच्यामागे रांगेत त्याची आई उभी होती. रांगेत उभं राहण्याचा त्यांच्या आयुष्यातला बहुधा पहिलाच प्रसंग.

"खूण सांगा," ती म्हणाली.

"तिसरी काडी गळाच्या दोऱ्यानं बांधलीय. मुठीजवळ जळल्याचा डाग आहे. ठिगळं दोन. काळं बाहेरून दिसतं. निळं मात्र आतूनच, छत्रीखाली उभं राहिलं तर. आणि मिटताना चाप अडकतो, तेव्हा मालकीण त्याला 'चल रे बाबा' म्हणते."

रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

"खुणा बरोबर आहेत. पण या छत्रीला मालकीण आहे."

"ठाऊक आहे." तो आईकडे वळला. "त्या दिवशी विचारलंस तेव्हाही ठाऊक होतं. मी घाबरलो, आई."

आईंनी विचारलं, "त्या निळ्या ठिगळाखाली तू किती वेळा उभा राहिलास रे?"

"पाऊस पडला तितक्यांदा."

आईंनी खिडकीतल्या मुलीकडे नीट बघून घेतलं. "मग आता कशाला खोळंबवतोस तिला? मागे माणसं ताटकळलीयत."

ती पुढची पावती ओढत म्हणाली, "छत्री मिळायची नाही. पण बाहेर पाऊस आहे, आणि सहाला खिडकी बंद होते. तोवर थांबवत असेल तर... तुमची आणलीय ना?"

"विसरलो," तो म्हणाला. "या खेपेला अगदी खरंच."

बोट गेली, कचेरी गेली, कांबळं कधीच विरलं. दोन छत्र्यांचा तो फोटो दवाखान्याच्या भिंतीवर आहे. ताटकळलेले पेशंट विचारतात, डॉक्टर, यातली तुमची कुठली? डॉक्टर जुनी, वाकडी दाखवतात. पेशंट विश्वास ठेवत नाहीत. फोटोत निळं ठिगळ दिसतच नाही. त्यासाठी आत यावं लागतं.