वरून ओ आली नाही

सुजयला बाहेर काढायचं, एवढ्यासाठीच आम्ही तिघं खोलवलीच्या सड्याखालच्या, म्हणजे कातळपठाराखालच्या, भुयारात शिरलो. जिवंत असेल तर चालवत, नसेल तर उचलून. हे कोणी तोंडाने बोललं नव्हतं, पण मी दोरासोबत एक जाड चादर घेतली होती आणि ती पिशवीत जाताना अक्षयाने पाहिली होती. अक्षया सुजयची धाकटी बहीण. सावर्ड्याच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. चादर कशासाठी, हे तिला सांगावं लागलं नाही.

दोघंही माझे जुने विद्यार्थी. सुजय मुंबईत लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. शिमग्याला गावी आला, पालखी नाचवली, सुट्टीचे चार दिवस उरले आणि याच्या डोक्यात भुयारातलं पाणी शिरलं. खोलवलीचा झरा फाल्गुनातच आटतो. भुयाराच्या पोटात मात्र बारमाही पाणी वाजतं, असं जुनी माणसं सांगत आली होती. आदल्या दिवशी सकाळी सुजय हेल्मेट, दिवा आणि दोर घेऊन एकटाच आत गेला. आईला, हौसाला, म्हणाला, जेवायला येतो. रात्र झाली तरी आला नाही.

शोधपथकाला फोन झाला होता. ते घाटावरून निघणार, दुसऱ्या दिवशी पोचणार. तोवर थांबायला कोणी तयार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो. मी विनीत, पालीच्या शाळेत भूगोल शिकवतो, सुट्टीत पोरांना गडांवर नेतो, चार गाठी बांधता येतात. कुठे काही अडलं की लोक म्हणतात, सरांना बोलवा. आणि सरांना ते फार आवडतं!

तिसरा आत्माराम, सुजयचा चुलत चुलता. साठी उलटलेला, पण जन्म चिरेखाणीत गेल्यामुळे हात अजून कातळासारखे. त्याने कमरेला कोयता लावला, माडाच्या झावळ्यांच्या दोन चुडी बांधून घेतल्या आणि भुयाराच्या तोंडाशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालू लागला.

"तात्या, आटपा," मी म्हणालो. "आत माणूस अडकलाय."

"त्याच्यासाठीच घालतोय, गुर्जी." त्याने शांतपणे गाऱ्हाणं पुरं केलं. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. आत कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाय. शिट्टी मारा, हात धरा, पन नाव नाय."

मी हसलो. शाळेत दरवर्षी अंधश्रद्धेवर माझं भाषण असतं. टाळ्याही बऱ्या पडतात.

नऊच्या सुमारास आम्ही आत शिरलो. पहिले पन्नास हात पोटावर सरपटत जावं लागलं. जांभ्याच्या खडबडीत भोकांत कोपरं सोलून निघत होती, तोंडात लाल माती जात होती. पुढे छत उंच झालं आणि आम्ही उभे राहिलो. सड्याखाली एवढी मोठी जागा असेल असं वाटलं नव्हतं. जांभ्याचे खांब आपोआप घडल्यासारखे उभे होते, भिंती ओलसर होत्या आणि कुठेतरी खाली खरोखरच पाणी वाजत होतं. फक्त एक गोष्ट मला खटकली. एवढ्या मोठ्या भुयारात एकही वटवाघूळ नव्हतं. किडा नाही, कोळी नाही, जमिनीवर वटवाघळांची विष्ठासुद्धा नाही.

"दादाचा दोर!" अक्षया पुढून ओरडली.

दालनाच्या टोकाला विहिरीसारखा खड्डा होता. त्याच्या काठावरच्या खांबाला सुजयचा निळा दोर बांधलेला होता. मी तो ओढला. दोन वाव, बाराएक फूट, दोर हातात आला आणि संपला. टोकाचे धागे सुटले होते, पिंजले होते. कापला नव्हता, तुटलाही नव्हता. कशाने तरी चघळल्यासारखा दिसत होता.

मी माझा दोर त्याच खांबाला बांधून खड्ड्यात सोडला. जोरात शिट्टी मारली. आवाज घुमायला हवा होता, तो घुमलाच नाही. मग तिघांचेही दिवे आम्ही खाली रोखले.

उजेड चाळीसेक फूट गेला आणि तिथे थांबला. तळ दिसला म्हणून नव्हे. तिथून खाली उजेड जातच नव्हता! करवतीने कापल्यासारखे तिन्ही झोत एकाच पातळीवर संपत होते.

"पाणी असेल," मी म्हणालो.

"पानी चमकता, गुर्जी."

आत्मारामने एक चूड पेटवून खाली टाकली. ती फिरत फिरत गेली, त्या काळ्या पातळीवर पोचली आणि आत गेली. विझली नाही. ज्वाळा हलताना दिसत होत्या, पण त्यांचा उजेड बाहेर पडत नव्हता. मग कोणीतरी मूठ आवळावी तशी ती चूड मिटली. आणि काळोख वर सरकला, तसा पाण्याचा आवाजही बंद पडला. पाच फूट. दहा फूट!

मला वाटलं, नजरेचा भास. मी दिवा आणखी वाकवून धरला. काळोख माझ्या झोताच्या कडेकडेने वर चढू लागला, गोडाच्या रेघेवरून मुंग्या याव्यात तसा. काठाजवळ बसलेल्या आत्मारामचा डावा हात खाली लोंबत होता. काळोख त्याच्या बोटांना लागला. म्हातारा किंचाळला! मी त्याला मागे खेचला. तीन बोटांची कातडी नखांपासून पेरापर्यंत राखेसारखी झाली होती, आणि रक्त येत नव्हतं.

"दिवे!" अक्षया ओरडली. "सर, तो उजेडाला येतोय! दिवे बंद करा!"

तिने आपला दिवा विझवला. मी विझवला. आत्मारामचा तिनेच विझवला. आणि आम्ही काठापासून चार हात मागे, दुसऱ्या एका खांबाला पाठी टेकून बसलो.

असं बसणं मी शत्रूलाही सांगणार नाही. डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय, सारखंच. समोर जे काळं होतं ते साधा अंधार की तो दुसरा, हे कळायला मार्गच नव्हता. अक्षयाने चाचपडत आत्मारामचा हात फडक्यात बांधला. तो एकदाही कण्हला नाही. हळूहळू खालून पाण्याचा आवाज पुन्हा येऊ लागला, म्हणजे तो काळोख खाली उतरला असावा. माझ्या डोक्यात एक हिशेब मात्र लागला. सुजयचा दिवा कालच संपला असणार. दिवा संपला असेल तर त्याने सुजयला सोडलंही असेल. खाली, अंधारात, तो आत्ता जिवंत बसलेला असेल. मला आनंद झाला. माणूस किती हुशार असतो!

किती वेळ गेला सांगता येत नाही. अर्धा तास असेल. आणि खालून आवाज आला.

"अक्षू..."

घसा बसलेला, पण सुजयचा. अक्षया ताडकन उठली. तिने ओ द्यायला श्वास घेतला तोच आत्माराम पुटपुटला, "नको गो! पहिली हाये."

कोकणात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. तिन्हीसांजेनंतर, रानात, काळोखात कोणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीन हाका मारील. ते दुसरं असेल तर त्याला दोनच मारता येतात, तिसरी येत नाही. माझ्या आजीने मला हे शिकवलं, अक्षयाला हौसाने शिकवलं, सुजयलाही हौसानेच.

"दादा आहे तो!" अक्षया कुजबुजली. "मला अक्षू फक्त तोच म्हणतो."

"ते त्याला पन ठाऊक असंल," आत्माराम म्हणाला. "रातभर त्याच्याकडं व्हता पोरगा. तिसरीची वाट बघ."

ती ऐकणार नव्हती. आणि तेव्हा मी, भूगोलाचा शिक्षक, भाषणं देणारा, टाळ्या घेणारा, पुढे झालो आणि अक्षयाच्या तोंडावर हात दाबला. घट्ट! ती माझ्या हाताला चावली तरी मी सोडलं नाही. मी घाबरलो होतो. दुसरं काही कारण नव्हतं.

"अक्षू... वर कोणी आहे का?"

ही दुसरी.

आम्ही तिसरीची वाट पाहिली. तिचे दात माझ्या तळव्यात, आत्मारामचा धड हात माझ्या गुडघ्यावर. खांबाला बांधलेला दोर एकदा करकरला, मग पुन्हा ढिला पडला. मी मनात शंभरपर्यंत मोजलं. मग दोनशेपर्यंत. तिसरी हाक आली नाही.

"बगितलंस?" आत्माराम म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता. "तो नव्हता गो."

मी हात काढला. अक्षया चाचपडत दोराकडे सरकली. आणि मग मला खात्री करून घ्यायची हौस आली. दोर का करकरला ते बघायला मी काठाशी गेलो आणि दिवा लावला. एकच क्षण! माझ्या नाकापासून वीतभर खाली ते काळं काठोकाठ भरलं होतं. पाणी वाजायचं कधीच थांबलं होतं, आणि ते आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पळा!"

काळोख काठावरून बाहेर सांडला. मी दिवा विझवला, पण आता तो थांबेना. घोट्याला गार लागलं आणि पाय बधिर झाला. अक्षया पळेना! तिने दोर मनगटाला गुंडाळला होता आणि ती तो ओढत होती. आत्मारामने चाचपडत खांब गाठला आणि कोयत्याच्या एका घावात दोर मोकळा केला. तिला आम्ही दंडाला धरून ओढलं, ती दोराला ओढत होती. मागून पाण्याखाली वाळू सरकावी तसा आवाज येत होता.

खांबांमधून धडपडत, कपाळं आपटत आम्ही सरपटायच्या वाटेपाशी आलो. तिथे एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. तिघं वेळेत बाहेर निघणार नव्हते. मी दिवा डोक्यावरून उपसला, सगळ्यात प्रखर केला आणि उजवीकडच्या कपारीत जीव खाऊन भिरकावला. तो ठेचकाळत लांब गेला आणि तिथे जळत राहिला. घोट्याचा गारवा सुटला. सगळं काळं तिकडे वळलं! त्या झोतात मी पाहिलं, भिंतीवरून, छतावरून, जमिनीवरून ते एकदम त्या दिव्यावर जमत होतं. उजेड नाण्याएवढा झाला. मग टाचणीएवढा.

अक्षया, मग आत्माराम, शेवटी मी. पन्नास हात पोटावर. बाहेर पडलो तेव्हा सड्यावर रणरणतं ऊन होतं आणि खाली वाडीत कोणाचा तरी कोंबडा आरवत होता.

आत्माराम कातळावर आडवा झाला. मी ओकलो. अक्षया मात्र भुयाराच्या तोंडाशी बसून उरलेला दोर खेचत होती. एकेक हात. दोर हलकाच येत होता. शेवटचं टोक उन्हात आलं तेव्हा तिचे हात थांबले.

टोकाला गाठ होती. छाती आणि दोन्ही मांड्या आत बसतील अशी तिहेरी फासाची, नेटकी, घट्ट आवळलेली गाठ. मी दोर सोडला तेव्हा टोक मोकळं होतं. गाठीत हेल्मेटचा तुटलेला पट्टा अडकला होता आणि दोर अजून घामाने ओला होता.

"ही दादाची गाठ," ती म्हणाली. "लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरताना हीच बांधतात. त्याने मला दाखवली होती." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांच्या कामात नियम आहे, सर. वरून ओ आल्याशिवाय दोरावर भार टाकायचा नाही. वर कोणी धरलंय की नाही, कळत नाही ना. तो ओ यायची वाट बघत होता."

आणि आम्ही वर तिसऱ्या हाकेची.

हौसा धावत वर आली. आम्हाला तिघांना बघून तिने चौथा शोधला. मग मलाच विचारलं, "गुर्जी, सुजय? हाक मारली का त्यानं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्माराम म्हणाला, "नाय वैनी. आमी पोचलो तवा सगला शांत व्हता."

"दोनदा मारली, आई," अक्षया म्हणाली.

"मग?" हौसा म्हणाली. आणि पुन्हा, माझ्याकडे बघून, "मग?"

दुसऱ्या दिवशी शोधपथक आलं. उजेड नेऊ नका, असं मी हात जोडून सांगितलं. ते हसले नाहीत, मी शाळामास्तर म्हणून मान राखला, पण दिवे घेऊनच गेले. खड्डा त्यांना स्वच्छ दिसला. तळाशी गुडघाभर पाणी होतं, गोड, बारमाही. दुसरं काही नव्हतं, सुजयही नव्हता. त्यांच्या अहवालात माझ्या घोट्याच्या पांढऱ्या डागाला काही जागा नव्हती. गावाने बैठक घेतली आणि आठ दिवसांत भुयाराचं तोंड चिऱ्यांनी बुजवून टाकलं. आत्मारामने तीन बोटं गमावलेल्या हाताने पहिला चिरा बसवला. पाणी आत वाजतंय ते वाजू दे, असं ठरलं. खोलवलीत टँकर येतो.

शाळेतलं भाषण मी आता देत नाही. मुलांना वाटतं, सर म्हातारे झाले.

अक्षया कधीकधी पालीच्या बाजारात दिसते, एसटीची वाट बघत. मी रस्ता ओलांडतो, तिच्या मागे जाऊन तिला नावाने हाक मारतो. ती थबकते, पण वळत नाही. मी पुन्हा हाक मारतो. ती तशीच पाठमोरी उभी राहते, पिशवी या हातातून त्या हातात घेते. गाडी येईपर्यंत ती मला वेळ देते. तिसरी हाक मारायचा धीर मला अजून झालेला नाही.